मेसेज गेला का, पोचला का, वाचला का

सांगलीत माझं मोबाईलचं छोटंसं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, काच बसवून देणं असली कामं, पण खरं सांगू का, निम्मा दिवस लोकांच्या फोनमधले मेसेज बघण्यातच जातो. "ताई, मी मेसेज टाकलाय आणि पावणं म्हणत्यात आलाच न्हाई." "ताई, ह्यो मेसेज खरा हाय का बघा की जरा." मी आधी एवढंच विचारते, कशावरनं टाकला? उत्तर ठरलेलं, "मोबाईलवरनं." आता काय बोलणार.

फोनमधे मेसेज म्हणून जे काय येतं जातं ते सगळं एकाच यंत्रणेतून येत नाही, हे लक्षात घ्या म्हणजे पुढचं सोपं आहे. साधा एसएमएस तुमच्या सिमकार्डवाल्या कंपनीच्या नेटवर्कवरनं जातो. व्हॉट्सॲप, टेलिग्राम ही इंटरनेटवरनं. नव्या फोनमधे मेसेजच्याच ॲपात आरसीएस नावाचा अजून एक प्रकार आलाय, तो दिसायला एसएमएससारखा पण चालतो नेटवर. आणि पुराच्या दिवसात सायरन वाजवत येतो तो सरकारी इशारा, तो यातला कुठलाच नाही. मेसेज कशावरनं आला आणि तो तिथं कोणी टाकला, हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली की फसायचे निम्मे प्रकार टळतात.

एसएमएसपासून सुरू करू कारण त्याला लोकांनी उगाच अडगळीत टाकलंय. एसएमएसला नेटपॅक लागत नाही. तुम्ही पाठवला की तो आधी कंपनीच्या मेसेज सेंटरमधे जातो, आणि समोरच्याचा फोन बंद असेल किंवा रेंजमधे नसेल तर सेंटर तो सांभाळून ठेवतं, फोन चालू झाला की सोडतं. कायमचा नाही ठेवत बरं का, ठरावीक मुदत संपली की टाकून देतं. एक एसएमएस म्हणजे जेमतेम 140 बाइटचा माल, म्हणून रेंजची एकच काडी असली, व्हॉट्सॲपचं घड्याळ नुसतं दिसत बसलं असलं तरी एसएमएस सटकन जातो. 2019 च्या ऑगस्टमधे सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे म्हणजे अंदाज येईल. लाईट गेलेली, फोनचं चार्जिंग जपून वापरायचं, अशा वेळी व्हिडिओ कॉल लावत बसण्यापेक्षा "सगळे सुखरूप, वरच्या मजल्यावर आहोत" एवढा एसएमएस टाकला की बास. बॅटरी पण कमी खातो आणि समोरच्याचं नेट बंद असलं तरी मिळतो.

गेला का नाही हे एसएमएसमधे पण कळतं, फक्त ते सेटिंग बऱ्याच फोनमधे बंद असतं. मेसेजच्या ॲपात सेटिंग्जमधे जाऊन डिलिव्हरी रिपोर्ट चालू करा, पोचला की खाली डिलिव्हर्ड असं दिसेल. वाचला का ते मात्र एसएमएसमधे कळत नाही.

आता एक गंमत, जी मी गिऱ्हाइकांना सांगते आणि ते डोळे मोठे करतात. इंग्रजीत एका एसएमएसमधे 160 अक्षरं बसतात पण मराठीत फक्त 70. हा 160 आकडा आला कुठून, तर जर्मनीतले फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाचे इंजिनिअर, त्यांनी 1985 च्या सुमारास टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून मोजली, बहुतेक 160 च्या आत बसली, म्हणाले एवढं पुरेसं आहे. पुढं 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमधे नील पॅपवर्थ यांनी कॉम्प्युटरवरनं पहिला एसएमएस पाठवला, "मेरी ख्रिसमस" एवढाच. तर एका बाइटचे 8 बिट, म्हणून या 140 बाइटमधे 1120 बिट असतात, इंग्रजी अक्षराला 7 बिट लागतात म्हणून 160 झाले. आपल्या देवनागरीला एकेका खुणेसाठी 16 बिट, म्हणून 70. आणि खूण म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पाय मोडायचा हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "द्राक्षे" हा शब्द आपल्याला दोन अक्षरी वाटतो, फोनच्या हिशेबात तो 8 होतो! तासगावच्या बागायतदारानं मराठीत सविस्तर मेसेज लिहिला तर तो तीन तीन एसएमएसचा होऊन जातो, कारण 70 च्या पुढं गेलं की तुकडे पडतात आणि तुकडे जोडायची माहिती पण त्यातच भरायची असल्यानं प्रत्येक तुकड्यात 67 च बसतात. समोरच्याला तो एकसंध दिसतो पण तुमच्या पॅकमधनं तीन गेले. बऱ्याच पॅकला दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा असते त्यामुळे एरवी फरक पडत नाही, पण लग्नाचं आवतण एसएमएसनं सगळ्या गावाला पाठवायचं असेल तर आधी हिशेब करा. इंग्रजी अक्षरात लिहिलेल्या मेसेजमधे एक जरी इमोजी किंवा एक देवनागरी अक्षर टाकलं तरी अख्खा मेसेज 70 वाल्या हिशेबात जातो, हे पण लक्षात असू द्या.

आरसीएसचं थोडक्यात. गूगलच्या मेसेज ॲपात लिहायच्या जागी आरसीएस मेसेज असं फिकट अक्षरात दिसलं तर तो नेटवरनं जाणार, दोघांकडं आरसीएस चालू पाहिजे, मग मोठे फोटो जातात, समोरचा टाइप करतोय ते पण दिसतं. समोरच्याकडं नसेल तर तो साधा एसएमएस म्हणून जातो. आयफोनमधे हे 2024 पासून आलं. लोनच्या आणि कसल्या कसल्या जाहिराती चित्रांसकट मेसेजमधे यायला लागल्यात म्हणून लोक वैतागून येतात, त्या बऱ्याचदा यावरनंच येतात, ॲपच्या सेटिंगमधे आरसीएस बंद केलं की थांबतात. मी स्वतः बंदच ठेवलंय, मला त्याचा काही उपयोग दिसला नाही.

आता मेसेज कोणाकडनं आला ते ओळखायचं. बँक, कारखाना, गॅसवाले, सरकारी खातं यांचा एसएमएस कधी 10 आकडी नंबरवरनं येत नाही. तो येतो इंग्रजी अक्षरांच्या नावानं, आधी दोन अक्षरं, मग डॅश, मग त्या संस्थेचं नोंदवलेलं छोटं नाव. पहिली दोन अक्षरं म्हणजे कुठल्या मोबाईल कंपनीच्या कुठल्या विभागातनं मेसेज सोडला ते, तेवढ्यावरनं खरं खोटं ठरवू नका. 2025 पासून शेवटी पण एक अक्षर लागायला लागलंय. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेचा, टी म्हणजे व्यवहाराचा म्हणजे ओटीपी वगैरे, आणि जी म्हणजे सरकारी. खात्यातनं पैसे गेले म्हणून सांगणाऱ्या मेसेजच्या शेवटी पी असेल तर सरळ दुर्लक्ष करा.

लाईट तोडायचा मेसेज आठवतोय का? "तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा." किती जणांनी घाबरून फोन केला असेल. महावितरणचा खरा एसएमएस एमएसईडीसीएल या नावानं येतो, साध्या मोबाईल नंबरवरनं येत नाही आणि कुणा अधिकाऱ्याचा खाजगी नंबर देऊन त्यावर फोन करा असं त्यात नसतं. आणि जरा विचार करा, आपल्याकडं लाईट जायला कधी मेसेज लागलाय का. असले जाहिरातीचे आणि फसवे एसएमएस 1909 ला कळवता येतात, डीएनडी, म्हणजे नको असलेल्या जाहिराती बंद करायची सोय, ती पण तिथूनच चालू होते.

आता व्हॉट्सॲप. सगळ्यात जास्त भांडणं कशावरनं, तर टिकवरनं. घड्याळाचं चिन्ह असेल तर मेसेज तुमच्याच फोनमधनं निघालेला नाही, तुमचं नेट बघा, समोरच्याला दोष देऊ नका. एक राखाडी टिक म्हणजे व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोचला. दोन राखाडी म्हणजे समोरच्याच्या फोनमधे उतरला. दोन निळ्या म्हणजे त्यानं ती चॅट उघडली, उघडली म्हणतेय मी, वाचली असं नाही, खिशात फोन असताना चॅट उघडीच राहिली असेल तरी निळ्या होतात. आमच्याकडं एक वहिनी यायच्या, त्यांचा भाऊ कोयनेच्या बॅकवॉटरला, बामणोलीच्या बाजूला कामाला, तिथं रेंज कधी असते कधी नसते, एकच टिक दिसतेय म्हणजे भावानं मला ब्लॉक केलं असं धरून त्यांनी दोन-तीन दिवस अबोला धरला. एक टिक राहण्याची कारणं भरपूर आहेत, फोन बंद, नेट संपलं, रेंज नाही, फोन बदलला, आणि हो, ब्लॉक पण असू शकतं, पण नुसत्या एका टिकवरनं ते सिद्ध होत नाही. साधा फोन लावून बघा की.

ग्रुपमधे दोन निळ्या टिका तेव्हाच होतात जेव्हा सगळ्यांनी मेसेज उघडलेला असतो, एक जण जरी राहिला तरी राखाडी. कोणी कोणी बघितला ते पाहिजे असेल तर आपल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि इन्फो बघा, नावासकट, वेळेसकट यादी येते. निळी टिक बंद करायची असेल तर प्रायव्हसीमधे रीड रिसीट्स बंद करा, पण मग तुम्हाला पण दुसऱ्याच्या निळ्या टिका दिसणार नाहीत, एकतर्फी सोय नाही तिथं. आणि ही खाली लिहिलेली बारीक ओळ कोणी वाचत नाही, की ग्रुपमधे रीड रिसीट तरीही जातेच, आणि आवाजाचा मेसेज ऐकला की त्याचा माइक निळा होतोच.

चुकून पाठवलेल्या मेसेजचं काय? व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून 15 मिनिटं तो दुरुस्त करता येतो, एडिटेड असं खाली दिसतं. डिलीट फॉर एव्हरीवन साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, पण मेसेज डिलीट केला हे समोरच्याला दिसतं, म्हणजे उत्सुकता अजून वाढते ते वेगळंच. घाईघाईत लोक डिलीट फॉर मी दाबतात, म्हणजे आपल्याकडचा गेला आणि सासऱ्यांकडं तसाच राहिला! असं झालं तर खाली लगेच अनडू येतं, काही सेकंदच असतं, ते पटकन दाबा. एसएमएसला यातलं काही नाही, सुटला म्हणजे सुटला.

ग्रुपबद्दल माझं एक ठाम मत आहे. आपल्याकडं नुसती माहिती द्यायची असते तिथं पण ग्रुप काढतात. बेदाण्याच्या सौद्याचे दर कळवायचेत, दूध संकलनाची वेळ बदललीय, क्लासला सुट्टी आहे, यासाठी ग्रुप कशाला? सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यात कोण गुड मॉर्निंग टाकतं, कोण देवाचे फोटो, आणि ज्याला दर बघायचाय तो खालवर करत बसतो. त्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. एका लिस्टमधे 256 जण घेता येतात, तुम्ही एकदा पाठवला की प्रत्येकाला तो वेगळा, जसा काय फक्त त्यालाच पाठवलाय असा जातो, आणि उत्तर दिलं तर फक्त तुम्हाला येतं. अट एकच, समोरच्याच्या फोनमधे तुमचा नंबर सेव्ह पाहिजे, नाहीतर त्याला मिळतच नाही. व्यापारी येऊन म्हणतात निम्म्यांना जात नाही, त्याचं कारण हेच. ग्रुपच पाहिजे असेल तर निदान ग्रुपच्या सेटिंगमधे फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील असं करा. आणि तुम्हाला कोणीही उचलून कुठल्याही ग्रुपमधे टाकत असेल तर प्रायव्हसीत ग्रुप्समधे माय कॉन्टॅक्ट्स करून ठेवा. ग्रुप सोडायची लाज वाटते म्हणून बरेच जण वर्षानुवर्षं नुसते म्यूट करून बसलेत, तर 2022 पासून ग्रुप सोडला की ते फक्त ॲडमिनला कळतं, सगळ्यांना नाही. सोडा बिनधास्त.

पुढं पाठवलेल्या मेसेजचं प्रकरण सांगली-साताऱ्यात जरा जास्तच महत्त्वाचं. पाऊस लागला की सुरू, कोयनेतनं एवढे हजार क्युसेक सोडले, अमुक पूल बंद, रात्रीत पाणी शिरणार. मेसेजवर एक बाण असेल तर तो कुणीतरी पुढं ढकललेला आहे. दोन बाण असतील तर तो पाच किंवा जास्त हातांमधनं फिरून आलाय, आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवता येतो, ही मर्यादा 2020 पासून आहे. आता पाणी इतक्या हातांतनं फिरेपर्यंत थांबत नाही, म्हणून दोन बाणवाला पातळीचा मेसेज बहुतेक शिळा असतो. कॉपी करून परत टाकला तर बाण येतच नाही, हे पण ध्यानात ठेवा. आणि मेसेजच्या खाली दिसणारी वेळ ही तुम्हाला तो कधी आला त्याची असते, लिहिला कधी त्याची नाही. मजकुरात तारीख नाही, वेळ नाही, तर 2019 चा मेसेज 2021 च्या पुरात पण तेवढाच खरा वाटतो, आणि तसे फिरतात दर पावसाळ्यात.

सायरनवाला मेसेज याच्या अगदी उलट. 2023 साली त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा फोन एकदम ओरडायला लागला म्हणून लोक दचकले, फोन हॅक झाला म्हणून काही जण दुकानात आले. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. तो दवंडीसारखा असतो, कुणाचं नाव गाव नंबर माहीत नसतो, टॉवरच्या हद्दीत जेवढे फोन आहेत तेवढ्या सगळ्यांना एकदम ऐकू जातो. नेट लागत नाही, कुठलं ॲप लागत नाही, आणि हजारो फोनला एकेक करून पाठवायचं नसल्यानं नेटवर्क तुंबत पण नाही. कर्कश वाजतो म्हणून काही पोरं सेटिंगमधे जाऊन इमर्जन्सी अलर्ट बंद करून टाकतात, कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी तरी ते करू नका, झालं असेल तर आज चालू करून घ्या.

फसवणुकीतला सध्याचा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी लग्नपत्रिका. ओळखीच्याच नंबरवरनं येते, म्हणून तर लोक उघडतात. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं, म्हणजे ती पत्रिका नाहीच, ते ॲप आहे. इन्स्टॉल केलं आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुमच्या बँकेचे ओटीपी ते परस्पर चोराला पाठवतं, आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या ग्रुपमधे पण टाकतं. आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावानं पण येतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, ती बघायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. चुकून झालंच तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे तुमच्या फोनमधनं पुढं काही जाणार नाही, मग दुसऱ्या फोनवरनं बँकेला आणि सायबर फसवणूक कळवायच्या 1930 या नंबरला फोन करा. लाजून बसू नका, पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवायची शक्यता जास्त असते. दुसरा प्रकार, "चुकून माझा 6 आकडी कोड तुमच्याकडं आलाय, पाठवता का?" तो कोड तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली आहे, सख्ख्या भावानं मागितला तरी देऊ नका, आधी भावाला फोन लावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून स्वतःचा 6 आकडी पिन ठेवा, आणि अधनंमधनं लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, तिथं तुमच्या ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर त्यावर दाबून लॉगआउट करा.

मराठी टाइप करायला अवघड जातं म्हणणाऱ्यांनी कीबोर्डवरचा माइक दाबून बोलावं, मराठी भाषा एकदा निवडली की बरंच बरोबर उतरतं, आपल्याकडचं "न्हाई" आणि "हाय" मात्र तो स्वतःच्या मनानं सुधारतो.

शेवटचं लोकेशन, कारण आषाढीच्या आधी हे विचारायला खूप जण येतात. करंट लोकेशन एकदाच जातं, त्या क्षणी तुम्ही कुठं होता तेवढंच. लाइव्ह लोकेशन तुमच्याबरोबर हलत राहतं, 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातनं जाते तेव्हा घरचे म्हणतात आजीचं लाइव्ह लोकेशन चालू करून द्या. करून देते, पण चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं तेव्हा एवढी गर्दी होते की नेट चालत नाही आणि नकाशावरचा ठिपका जुन्याच जागी अडकून राहतो. किती वेळापूर्वीचं आहे ते ठिपक्याच्या नावाखाली लिहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय तिकडं पळू नका. तेवढ्या वेळात आजीला एसएमएस करायला सांगा, रथापुढं का रथामागं आणि दिंडी नंबर किती, वारीत माणूस तेवढ्यावर सापडतं. आणि 8 तासवालं लाइव्ह लोकेशन गरज नसेल तर देऊ नका, बॅटरी दुपारपर्यंत संपते आणि मुक्कामाला चार्जिंगला रांग असते.